तीन मिनिटांची लाइन

पासवर्ड एस.टी.नं आला. शनिवारी सकाळी मुंबईच्या गाडीच्या कंडक्टरनं रोजच्यासारखं आमच्या दैनिकाचं पाकीट स्टँडवरच्या पार्सलच्या खिडकीत दिलं आणि मी सही करून ते घेतलं. आत आदल्या दिवसाचा अंक, कार्बन पेपर आणि जाहिरात विभागाची दोन पत्रं होती. त्यांच्यामध्ये लाखेनं बंद केलेला एक लहान लिफाफा होता. लिफाफ्यातल्या अर्ध्या कागदावर एक इंग्रजी शब्द टाइप केला होता. खाली सूचना होती : हा शब्द फोनवर उच्चारू नये. काम झाल्यावर कागद जाळून टाकावा.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी त्या दैनिकाचा रत्नागिरीचा वार्ताहर होतो. त्याआधी काही वर्षं मुंबईच्या मुख्य कचेरीत उपसंपादक होतो. मूळचा मी देशावरचा. रत्नागिरीत येऊन दोन वर्षं झाली, तरी जिल्ह्यातली निम्मी गावं मला फक्त नकाशावरून माहीत होती. ऑफिस स्टँडसमोर, औषधांच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. एका खोलीत टेबल आणि फोन. दुसऱ्या खोलीत दोन महिन्यांपासून प्लॅस्टिकच्या आवरणाखाली एक संगणक होता, आणि त्याच्या शेजारी एक चपटी लोखंडी पेटी. तिला मोडेम म्हणतात, एवढंच मला सांगितलं होतं. टेलिफोनच्या तारेवरून ती पेटी हा संगणक मुंबईच्या मोठ्या संगणकाला जोडणार होती.

मुंबईचा संगणक मुख्य कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर, वातानुकूलित खोलीत होता. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे हद्दपार करून तो आला, तेव्हा जुळणी विभागातल्या कामगारांशी एक करार झाला. त्या बैठकीची टिपणं मीच घेतली होती, त्यामुळे त्यातलं एक कलम मला पाठ होतं. युनियनच्या सहीशिवाय या इमारतीत यंत्रावर कोणतंही नवं पॅकेज चढवलं जाणार नाही. पॅकेज म्हणजे यंत्राला नवं काम शिकवणाऱ्या प्रोग्रॅमांचा संच.

त्या आठवड्यात व्यवस्थापकांचा फोन आला.

“रत्नागिरी या इमारतीत येते का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग तिथून चढवलं तर कराराचा भंग होतो का?”

मी ते कलम मनात पुन्हा वाचलं.

“तुम्ही बातमीदार आहात. शब्द काय लिहिलाय ते बघा,” ते म्हणाले आणि पुण्याहून एक इंजिनीअर येईल, त्याची लॉजवर सोय करा, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

इंजिनीअर शुक्रवारी संध्याकाळी आला. तिशीचा, कमी बोलणारा, जेवणात मासे नको म्हणून आधीच सांगणारा. त्यानं आणलेल्या दोन फ्लॉप्या स्टीलच्या जेवणाच्या डब्यात तांदळात पुरून ठेवल्या होत्या. कोकणातल्या दमट हवेचा त्याला भरवसा नव्हता. हे पॅकेज नेमकं काय करणार, ते मी विचारलं.

“तुम्ही इथे बातमी टाइप करणार. तिथे तिचे कॉलम आपोआप पडणार. मध्ये कुणाचा हात लागणार नाही.”

“मध्ये सध्या पाच माणसं आहेत.”

“माझ्याकडे दोन फ्लॉप्या आहेत,” तो म्हणाला. “माणसांचं मला कुणी काही सांगितलेलं नाही.”

ती पाच माणसं जिल्हा टेबलावर बसायची. जिल्ह्यांतून पाकिटानं आणि फोनवरून आलेला मजकूर ती यंत्रावर टाइप करून घेत. त्यांतले एकजण संगमेश्वरकडचे होते. वय पंचेचाळीसच्या आसपास. शिशाचे खिळे जुळवण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. संगणक येणार म्हटल्यावर त्यांनी पुठ्ठ्यावर कीबोर्डची अक्षरं रंगवून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत पुठ्ठ्यावर बोटं बसवली. हे मी मुंबईत असताना रोज बघत होतो. विभागातले लोक हसायचे. “पुठ्ठा वाजवून दाखवा, बुवा,” म्हणायचे. यंत्र आलं तेव्हा त्या विभागात चुकांविना टाइप करणारे ते पहिले होते.

मी रत्नागिरीहून पाठवलेली प्रत्येक बातमी त्यांच्या हातून जायची. उलट टपाली पाकिटातून त्यांच्या चिठ्ठ्या यायच्या. “सायेब, फणसोप का फणसवळे? दोन्ही गावं हायत. तुमी वर एक लिवलंय नि खाली दुसरं. कळवा, तवर बातमी धरून ठेवतो.” आठवड्याला अशा दोन-तीन. एकाही चिठ्ठीत ते चुकीचे निघाले नाहीत. जिल्ह्यातली गावं, वाड्या आणि आडनावं यांची त्यांनी स्वतःच्या हौसेनं एक वही केली होती. ती वही त्यांनी सुट्टीच्या वेळात यंत्रातही उतरवली होती. वाचकाला हे कधी कळलं नाही. माझ्या नावाखाली बरोबर बातमी छापून यायची.

त्यांची बायको रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, परगावचे कॉल जोडणाऱ्या ट्रंक बोर्डावर ऑपरेटर होती. मी तिला वहिनी म्हणत असे, ती मला भावोजी. नवरा मुंबईत भाड्याच्या खोलीत चौघांबरोबर, ती मुलीला घेऊन रत्नागिरीत. ते गणपतीला आणि शिमग्याला येत. आमच्या दैनिकाला ती ‘घरचा पेपर’ म्हणायची. मी मुंबईचा कॉल बुक केला की दुसऱ्यांना दोन तास लागत, तिथे मला पाऊण तासात लाइन मिळे. हा नियम नव्हता. तो तिचा लोभ होता, आणि तो माझ्यावर नव्हता, नवऱ्याच्या कामावर होता.

त्या पॅकेजनंतर जिल्हा टेबलाला काम उरणार नाही, हे मला शुक्रवारी संध्याकाळीच कळलं होतं. खिळ्यांची जुळणी सगळीकडूनच जात होती. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांना दुसरीकडे कुणी घेणार नव्हतं. हेही मला माहीत होतं.

शनिवारी दुपारी आम्ही पहिल्यांदा प्रयत्न केला. ऑफिसच्या फोनवरून थेट मुंबई लागण्याची सोय अजून झाली नव्हती. ट्रंक कॉल बुक करायचा, लाइन लागली की मोडेमचं बटण दाबून रिसीव्हर ठेवायचा. मुंबईच्या बाजूची पेटी आधीच चालू करून ठेवली होती. तिथे कीबोर्डला कुणी हात लावणार नव्हतं. मोडेम शिट्टीसारखा ओरडला, मग खरखरला, आणि पडद्यावर मुंबईच्या यंत्रानं नाव विचारलं. इंजिनीअरनं नाव दिलं. यंत्रानं पासवर्ड विचारला. मी लिफाफ्यातला कागद त्याच्यासमोर धरला. यंत्र उघडलं. दीडशे-दोनशे मैलांवरच्या बंद खोलीतलं यंत्र औषधांच्या दुकानावर बसून चालवता येत होतं. इंजिनीअरला त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र वाटलं, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

फ्लॉपीतला पहिला भाग जायला लागला. त्या लाइनवर सेकंदाला तीस अक्षरांपेक्षा जास्त जात नव्हती. पडद्यावर एक आकडा वाढत होता. तीन मिनिटं झाली आणि तारेत कट्‌ असा आवाज झाला. मोडेमचा दिवा विझला. मी रिसीव्हर उचलला.

“तीन मिनिटं झाली, भावोजी. वाढवू का?” वहिनी विचारत होत्या. “आणि हे काय लावलंय? कानात मांजर ओरडतंय माझ्या.”

“वाढवा.”

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तीन मिनिटांनी तोच आवाज, तोच प्रश्न. तिसऱ्यांदाही तेच. भाग मध्येच तुटला की तो पहिल्यापासून पाठवावा लागे. इंजिनीअरनं फ्लॉपी काढून तांदळात ठेवली.

“ती बाई तारेत बोलते,” तो म्हणाला. “ती बोलली की संपलं. तिला गप्प बसवा.”

मी एक्स्चेंजवर गेलो. आत जायला परवानगी नव्हती. वहिनी चहाच्या सुट्टीत बाहेर व्हरांड्यात आल्या, गळ्याशी हेडफोनचा पट्टा तसाच. सोबत दोघी सहकारी.

“हेच का ते मांजरवाले?” त्यांतली एक म्हणाली.

“गप गो,” वहिनी म्हणाल्या. “बोला भावोजी. असे पायी आलात ते?”

मी सांगितलं. दोन-तीन तास लाइन अखंड हवी. मध्ये बोलायचं नाही, बोर्डावरची किल्ली, म्हणजे लाइनीत शिरायचा खटका, टाकून ऐकायचंही नाही.

“ते कसं जमायचं? दर तीन मिनिटांनी पार्टीला विचारायचंच, असा नियम आहे. आणि नियम ऱ्हाऊ दे, बारा वर्षं झाली, हात आपला आपण जातो किल्लीवर. झोपेतसुद्धा विचारते म्हणते मुलगी माझी, वाढवू का, वाढवू का.”

दुसरी सहकारी हसली. “नवरा फोन करतो तेव्हा नाही विचारत हो ही.”

“तुझी जीभ मेली,” वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “पण एवढं पाठवायचंय तरी काय?”

“पेपरचंच काम आहे. मुंबईच्या मशीनमध्ये थोडी भर घालायची आहे.”

“म्हणजे आमच्या ह्यांच्या मशीनमध्ये?”

“त्याच.”

“मग ह्यांचं काम हलकं होईल का जरा? मान धरते म्हणतात. वर बघून खाली बघून, वर बघून खाली बघून.”

मी ‘हो’ म्हणालो.

न्यूज डेस्कवर आम्हाला शिकवलं होतं की उत्तर खोटं आहे की नाही, ते विचारणाऱ्याला काय कळलं त्यावरून ठरवायचं, सांगणाऱ्यानं कोणते शब्द वापरले त्यावरून नाही. या हिशेबानं ते उत्तर खोटं होतं.

“उद्या सकाळी करा,” त्या म्हणाल्या. “रविवारचं बोर्डावर काही नसतं, आणि मुंबईच्या बाजूला माझी ओळखीची बसते, तिला सांगून ठेवते. घरच्या पेपरचं काम आहे म्हणून. मात्र वर कुणाला बोलू नका. मेमो हातात देतील.”

व्यवस्थापकांनाही रविवारच हवा होता. सकाळी जुळणी विभाग बंद असे.

रविवारी सात वाजता लाइन लागली. “झालं बघा,” वहिनी म्हणाल्या. “किल्लीवर कागदाची पट्टी चिकटवलीय डिंकानं. वर लिहिलंय, घरचा पेपर, हात लावू नये. आता माझा हात गेला तरी कागदाला लागेल. करा तुमचं काम. आणि सांगा हो ह्यांना, बायकोनं लाइन धरून ठेवली म्हणून.”

मी रिसीव्हर ठेवला. इंजिनीअरनं पासवर्ड स्वतःच टाइप केला. त्याला तो पाठ झाला होता.

पहिली फ्लॉपी सव्वा तासात गेली. तारेत एकदाही आवाज झाला नाही. खाली औषधांचं दुकान बंद होतं. स्टँडवर देवरुखची गाडी लागल्याचं कुणी ओरडून सांगत होतं. इंजिनीअर पडद्यावरच्या आकड्याकडे बघत केळी खात होता. प्रत्येक भाग पोहोचला की मुंबईचं यंत्र आपल्याकडची बेरीज सांगे, इकडची बेरीज इंजिनीअरच्या कागदावर होती, दोन्ही जुळल्या की तो टिचकी मारून पुढचा भाग सोडत असे.

दुसऱ्या फ्लॉपीच्या मध्यावर यंत्र थांबलं. तिकडच्या डिस्कवर जागा उरली नव्हती. इंजिनीअरनं मुंबईच्या यंत्रातल्या फायलींची यादी पडद्यावर आणली आणि एकेक करून जुन्या चाचण्या आणि निकामी मजकूर काढून टाकायला लागला. तरी थोडी जागा कमी पडत होती. मग तो एका फाइलपाशी थांबला. नाव जिल्ह्याचं होतं. त्यानं ती उघडली. आमच्या पडद्यावर अजून मराठी अक्षरं येत नव्हती, पण रोमन लिपीतून वाचता येत होतं. मिरजोळे, रत्नागिरी. मिरजोळी, चिपळूण. मिरकरवाडा, रत्नागिरी. पुढे फणसोप आणि फणसवळे, त्यांच्यापुढे तालुका, आणि कंसात : सायेब दोन्ही एक समजतात.

“हे प्रोग्रॅममधलं नाही,” इंजिनीअर म्हणाला. “कुणाचं आहे?”

“तिथल्या एका माणसाचं. गावांची नावं आहेत.”

“उडवू?”

“आपल्या फ्लॉपीवर उतरवून घेता येईल का?”

“येईल. वीस-बावीस मिनिटं लागतील. मात्र लाइन आता पावणेतीन तास चालू आहे. ती त्या वीस मिनिटांत तुटली तर पॅकेज अर्धवट राहील, आणि अर्धवट राहिलं तर सोमवारी तिथल्या लोकांना कळेल. तुम्ही सांगा.”

मी घड्याळ बघितलं. पावणेदहा वाजले होते.

“उडवा,” मी म्हणालो.

त्यानं ओळ टाइप केली आणि बटण दाबलं. यंत्रानं काहीही विचारलं नाही. पुढचा भाग जायला लागला. साडेदहाला पॅकेज बसलं. इंजिनीअरनं पॅकेजकडून एक नमुन्याची बातमी लावून घेतली, तिचे कॉलम बरोबर पडले, आणि त्यानं यंत्र बंद करून फ्लॉप्या तांदळात ठेवल्या. मी एक्स्चेंजला फोन करून झालं म्हणून सांगितलं.

“बघा, जमलं की नाही?” वहिनी म्हणाल्या. “माझा हात चाळीस वेळा तरी कागदावर गेला असेल. ह्या मेल्या विचारतायत, लाइनीचं लग्न लागलं का?”

पासवर्डचा कागद मी ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात जाळला.

युनियनला महिन्याभरानं कळलं. यंत्राच्या नोंदवहीत कोण, कधी, कुठून आलं ते आपोआप लिहिलं जात असे. त्यात रविवारची सकाळ होती, बाहेरची लाइन होती. व्यवस्थापकांनी कराराची प्रत पुढे ठेवली आणि ‘या इमारतीत’ या दोन शब्दांवर बोट ठेवलं. एक दिवस काम बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी सुरू झालं. जिल्हा टेबल बंद करण्यात आलं. पाचांपैकी दोघांना गोदामात पाठवलं. तिघांकडून राजीनामे लिहून घेतले. या घटनेची बातमी कोणत्याही दैनिकात आली नाही. आमच्याही नाही.

राजीनामा दिलेल्या तिघांतले संगमेश्वरचे गृहस्थ घरी आले. गणपती नव्हते, शिमगा नव्हता. शेजाऱ्यांना आजारपणाची रजा म्हणून सांगितलं गेलं.

दोन-तीन दिवसांनी मी मुंबईचा कॉल बुक केला. लाइन लागण्याआधी वहिनी स्वतः बोलल्या. आवाज बोर्डावरचा होता.

“भावोजी, त्या रविवारी तुम्ही काय पाठवलंत?”

“पॅकेज.”

“ज्यानं ह्यांचं टेबल गेलं, ते?”

“हो.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

तारेत दुसऱ्या बोर्डावरच्या बायकांचे आवाज ऐकू येत होते. सांगली बोला. कोल्हापूर एंगेज आहे.

“मी कागद चिकटवला हो,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातानं.” मग म्हणाल्या, “मुंबई पार्टी लाइनवर आहे. बोला.”

त्यानंतर मला त्यांनी कधीही भावोजी म्हटलं नाही. माझा कॉलही कधी अडवला नाही. दोन तासांनी लागायचा तो दोन तासांनी लागे, सगळ्यांचा लागे तसा. आणि दर तीन मिनिटांनी त्या विचारत. प्रश्न विचारला की मोडेम तुटे. मी बातम्या लहान करायला शिकलो. तीन मिनिटांत साधारण पाच हजार अक्षरं जात. तेवढ्यात दिवसाच्या दोन-तीन बातम्या बसवायच्या, उरलेल्या दुसऱ्या कॉलला. मुख्य कचेरीनं एक्स्चेंजकडे तक्रार केली. ऑपरेटर नियमाप्रमाणे काम करत आहेत, असं उत्तर आलं. ते खरं होतं.

बातम्या आता मी टाइप करत होतो आणि तशाच छापून येत होत्या. मध्ये कुणाचा हात नव्हता. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याच्या निधनाच्या बातमीत मी मिरजोळी लिहिलं. अंत्यविधी संध्याकाळपर्यंत थांबवला होता; मुंबईतला त्याचा मुलगा आणि इतर नातेवाईक अंक वाचून निघाले. गाव चिपळूणजवळचं छापलंय म्हणजे म्हाताऱ्याला तिकडच्या लेकीकडे नेलं असेल असं समजून ते चिपळूणला उतरले. रत्नागिरीत पोहोचेपर्यंत अग्नी दिला गेला होता. मुलगा ऑफिसात आला. त्यानं आवाज चढवला नाही. अंक टेबलावर ठेवला, गावाच्या नावावर बोट ठेवलं आणि गेला.

त्याच आठवड्यात वहिनींचे यजमान ऑफिसात आले. हातात कापडी पिशवी. मी खुर्ची दिली. त्यांनी संगणकाकडे लांबूनच बघितलं.

“ह्योच व्हय?” त्यांनी विचारलं.

“हा.”

“लहान हाय.”

मी चहा मागवू का म्हणून विचारलं. नको म्हणाले. टेबलावर त्या दिवसाचा अंक होता. त्यांनी तो ओढून घेतला, खिशातून पेन काढलं आणि आमचं पान वाचत तीन ठिकाणी खूण केली. मग काय केलं ते लक्षात आल्यासारखं पेन खिशात ठेवलं.

“नावं चुकायला लागली वो सायेब. गावात लोक मला विचारतात. त्यांना वाटतं, आजून मीच बसतोय.” त्यांनी पिशवीतून वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, कडा तेलकट झालेली. “मशीनमधली यादी कुणीतरी काढून टाकलीन. ज्यानं काढलीन त्याला ठाऊक नसंल काय हाय ते. ही मूळची हाय. उतरवून घ्या नि परत द्या.”

मी वही घेतली. यादी कुणी काढली ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. जिन्यापर्यंत गेल्यावर ते थांबले. “फणसोपवाल्यांचं तेवढं बघा,” म्हणाले, “लई चिडतात ती.”

चार दिवस लावून मी वही टाइप केली. पुण्याच्या इंजिनीअरला फोन करून विचारलं. पॅकेज अशी यादी घेऊ शकत होतं आणि त्याप्रमाणे नावं तपासू शकत होतं. मात्र यादी अखंड जायला हवी होती, तुकडे चालणार नव्हते. बावीस मिनिटं.

मी मुंबईचा कॉल बुक केला. लाइन लागली. मोडेम ओरडला, यंत्र उघडलं, यादी निघाली. तीन मिनिटांनी कट्‌.

“तीन मिनिटं झाली. वाढवू?”

“वाढवा.”

दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “वहिनी, आज बावीस मिनिटं लाइन द्या. ही यादी त्यांचीच आहे. गावांच्या नावांची. त्यांनी स्वतः वही आणून दिली. विचारा त्यांना घरी.”

किल्ली उघडीच होती. बोर्डावरचे आवाज येत होते.

“मागच्या वेळीही तुम्ही ह्यांचंच काम म्हणाला होतात,” त्या म्हणाल्या. “मी ह्यांना तेव्हाही विचारू शकले असते. तुमच्यावर विश्वास होता म्हणून नाही विचारलं. आता विचारायचं म्हटलं तर वही, कागद, पॅकेज, कशात काय असतं ते मला कळत नाही. मला तीन मिनिटं कळतात.”

“वहिनी—”

“तीन मिनिटं झाली. वाढवू?”

मी नको म्हणालो.

माझ्या संगणकाची फ्लॉपी मुंबईच्या यंत्रात चालत नव्हती, म्हणून वहीच मी दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या पाकिटात घालून मुख्य कचेरीला पाठवली. सोबत पत्र लिहिलं : ही यादी यंत्रात टाइप करून घ्यावी, वही परत पाठवावी. पाकीट पोहोचल्याची सही आली. काही दिवसांनी मी चौकशी केली. टाइप करायला जिल्हा टेबलावर माणूस नाही, असं मला सांगण्यात आलं. वही कुठे आहे, ते कुणालाच माहीत नव्हतं.

ते वही मागायला पुन्हा आले नाहीत. मीही सांगायला गेलो नाही. पुढच्या वर्षी ऑफिसच्या फोनवरून मुंबई थेट लागू लागली आणि मधल्या माणसाची गरज राहिली नाही.